'इतर' या सदरात मोडणारी भिंत

माणसाला कुठला शब्द कुठे लागेल याचा नेम नसतो. प्रूफकाकांना 'इतर' हा शब्द लागला, आणि तोही बाथरूममध्ये.

प्रूफकाका हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची सगळी नोकरी छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर हाताची खाज जाईना, म्हणून त्यांनी इमारतीतल्या सूचनाफलकाचा ताबा घेतला. 'आज पाणि येणार नाहि' असं कुणी लिहिलं, तर तांबड्या पेनानं आधी 'णि' आणि 'हि' दीर्घ करायचे आणि मगच बादल्या भरून ठेवायला धावायचे. तोवर नळ गेलेला असायचा. पण भाषा शुद्ध झालेली असायची.

तर हे काका आणि काकू तिसऱ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि काकूंच्या गुडघ्यांनी वर्षभरापूर्वी संप पुकारला होता. डॉक्टरकडे जायचं असलं तरच त्या खाली उतरत, तेही कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडव्या आडव्या. बाकीचा दिवस गॅलरीत खुर्ची टाकून बसत. कुणी विचारलंच तर काका सांगत, "तिला हवा आवडते."

अशात तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनियर आपल्या मुलीकडे कायमचे राहायला निघाले. ते स्वतःच वर आले आणि काकांना म्हणाले, "माझा फ्लॅट तुम्ही घ्या. वहिनींची पायऱ्यांतून सुटका होईल. पण काय ते लवकर ठरवा. दातांचे एक डॉक्टर दवाखान्यासाठी मागे लागलेत."

काकांचा वरचा फ्लॅट घ्यायला एक नर्सबाई तयारच होत्या. त्यांचे गुडघे तरुण होते. त्यांना कर्ज देणारी बँक आधी घराचं मूल्यांकन करणार, मग कर्ज मंजूर होणार, मग काका खाली जाणार. सगळं कसं सुतासारखं सरळ दिसत होतं. आणि जे काम सुतासारखं सरळ दिसतं त्याचाच शेवटी गुंता होतो, हे प्रुफं वाचणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं होतं.

मूल्यांकन करायला बँकेनं एक व्हॅल्युअर पाठवला. पोरगेलासा, अंगानं किडकिडीत, हातात लाल ठिपका टाकणारं मोजमापाचं यंत्र. भिंतीवर ठिपका टाकायचा, मोबाइलमध्ये बोट मारायचा आणि पुटपुटायचा. "हॉल, डिस्टेंपर. बेडरूम, डिस्टेंपर. किचन, ओट्याच्या वर टाइल." काका मागोमाग पाठीशी हात बांधून फिरत होते. मग त्यानं बाथरूमचं दार उघडलं आणि त्याचं पुटपुटणं थांबलं.

"हे काय आहे?"

"भिंत," काका म्हणाले.

"ते दिसतंय हो. पण भिंतीवर काय आहे?"

प्रश्न अगदीच वावगा नव्हता. काकूंनी पंचवीस वर्षं टाइलच्या दुकानात काउंटरवर काम केलं होतं. एखादं डिझाइन खपलं नाही की कंपनी ते बंद करायची आणि दुकानात मांडलेला त्याचा नमुना मोडीत निघायचा. तो काकू पिशवीत घालून घरी आणायच्या. अशी एकेक टाइल करत ती भिंत झाली होती. एकीसारखी दुसरी नाही. द्राक्षांचा घड, त्याच्या शेजारी जहाज, जहाजाच्या बोकांडी सूर्यफूल. एक बदक होतं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं की हे डिझाइन का खपलं नाही ते आपोआप कळायचं. बरं, टाइल येतील तशा लागत गेल्यामुळे नळामागे त्या डोक्याच्या वर पोचल्या होत्या, खिडकीखाली छातीपर्यंत आल्या होत्या, आणि दारापाशी गुडघ्यावरच दमून थांबल्या होत्या.

"यात मला प्रकार निवडायचाय," व्हॅल्युअरनं मोबाइल पुढे केला. "डॅडो टाइल, ऑइलपेंट, साधा गिलावा आणि इतर. चारच आहेत."

"डॅडो म्हणजे?" काकांनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. अनोळखी शब्द दिसला की ते चष्मा लावत, मग तो शब्द ऐकलेला का असेना.

"भिंतीला खालून ठरावीक उंचीपर्यंत टाइल लावतात ना, तो डॅडो. अगदी खाली वीतभर असते ती पट्टी म्हणजे स्कर्टिंग."

"म्हणजे स्कर्टिंग हे भिंतीचे मोजे आणि डॅडो ही विजार."

"तसंच समजा. पण डॅडो म्हटलं की उंची टाकावी लागते. आणि ती एकच. तुमच्या भिंतीनं विजारीचा एक पाय वर ओढून धरलाय. तो मी कसा लिहू?"

आणि काकांच्या डोळ्यांदेखत त्यानं 'इतर' या शब्दावर बोट टेकवलं.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही. "इतर!" ते म्हणत होते. "ज्याला नाव द्यायचं जिवावर येतं ते इतर. यादीच्या शेवटी उभं केलेलं, पाहुण्यात ना घरच्यात. अगं, तुझ्या पंचवीस वर्षांना तो इतर म्हणाला."

"माझ्या नाही हो, भिंतीला म्हणाला," काकू म्हणाल्या. "ताक घ्या."

काकांनी ते मनाला लावून घेतलंच होतं, पण बँकेनंही घेतलं. तिकडून विचारणा आली: 'बाथरूम, भिंतीचे आच्छादन : इतर. इतर म्हणजे काय, याचा खुलासा करावा.' हे वाचून काकांना आनंदच झाला. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिखाण तपासलेल्या माणसाला प्रथमच कुणीतरी स्वतः लिहायला सांगत होतं. त्यांनी चार पानं लिहिली. त्यात 'भित्तिवेष्टन' आणि 'आच्छादन' यांतला फरक होता, डॅडो या शब्दाला पर्याय म्हणून 'कटिफरशी' आणि 'अर्धभिंतिका' असे दोन शब्द सुचवले होते, आणि सदर भिंत 'विक्रेत्याकडील विविध नमुन्यांनी नटलेली' असल्याचं मोठ्या अभिमानानं म्हटलं होतं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. एवढं निर्दोष लिखाण त्या बँकेनं कधी पाहिलं नसेल.

बँकेनं त्यातला नेमका 'नमुने' हा एकच शब्द उचलला. पुढचं पत्र आलं: 'नमुने विक्रेत्याच्या मालकीचे असल्यास त्याचे ना-हरकत पत्र जोडावे. तसेच आच्छादन कायम आहे की तात्पुरते, ते स्पष्ट करावे.'

काका त्या दुकानाच्या जागी गेले, तर तिथे व्यायामशाळा झाली होती. पूर्वी जिथे काकू उभ्या राहायच्या तिथे एक दंडवाला तरुण बसला होता. काकांनी त्याला भित्तिवेष्टन समजावलं. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि काकांच्या पोटाकडे पाहत म्हणाला, "पहिले तीन दिवस फुकट आहेत, अंकल." ना-हरकत पत्र मिळालं नाही. पण बघूया तरी म्हणून काका चालण्याच्या पट्ट्यावर चढले, पट्टा त्यांना न सांगताच चालू लागला, आणि घरी ते काकूंसारखेच कठडा धरून आडवे आडवे चढले.

आता हे प्रकरण इमारतीत पसरलं. जिना असलेल्या इमारतीत गोष्टी तशाही वरून खाली लवकर जातात. शेजारच्या वहिनी एक गुंडाळी घेऊन आल्या. "काका, हा चिकटकागद. संगमरवरासारखा दिसतो. भिंतीवर लावा, वरून पाणी ओता, काही होत नाही. माझ्या बहिणीनं तर फ्रिजलासुद्धा लावलाय." त्यांनी स्वतःच पदर खोचून एक भिंत संगमरवरी करून दिली. दुसऱ्या दिवशी काका गरम पाणी घेऊन आंघोळीला बसले. वाफेनं तो संगमरवर हळूहळू सुटला आणि मागून त्यांच्या खांद्यावर येऊन विसावला. काका एवढे दचकले की तांब्या खिडकीतून बाहेर गेला. ते कागद त्यांनी गुंडाळून बादलीमागे कोंबले आणि वहिनींना 'फार छान दिसतंय' असं सांगितलं. वहिनींचं मन मोडवेना.

शेवटी तळमजल्यावरच्या इंजिनियरसाहेबांनी काकांना घरी बोलावलं. त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर खडूनं एक चौकोन काढलेला होता.

"दातांच्या डॉक्टरांची खुर्ची इथे बसणार," ते ओशाळून म्हणाले. "काल माप घेऊन गेले. काका, मला तुम्हालाच द्यायचंय हो. पण मीही किती थांबणार? माझं ऐका. ती भिंत फोडा. चारी बाजूंनी पांढरी टाइल, एका उंचीत, छान डॅडो करा. दोन दिवसांचं काम. फॉर्मात बरोबर बसेल. माझा ओळखीचा गवंडी आहे, उद्याच पाठवतो."

काका वर आले. काकू लसूण सोलत होत्या.

"इंजिनियरसाहेब म्हणतात, भिंत फोडा."

"फोडा की," काकू म्हणाल्या.

आवाजात ना राग, ना रडू. काकांच्या हिशेबी हेच वाईट लक्षण होतं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईच्या आवाजात काहीच नसलं की आत बरंच काही असतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. बिचारी माझ्यासाठी आपली भिंत सोडतेय, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि रात्रभर ते या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले.

सकाळी गवंडी हातोडा आणि छिन्नी घेऊन हजर झाला. "जरा थांबा," काका म्हणाले, "मी आंघोळ उरकून घेतो," आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली. आंघोळ झाली. काढलेले कपडे आधीच बादलीत भिजत होते, अंग पुसताना टॉवेलही त्यात पडला. काका पाटावर बसून, चष्मा लावून भिंतीकडे बघत राहिले. मग त्यांनी ठरवलं, बाहेर जायचंच नाही. आपण आत आहोत तोवर गवंडी काय फोडणार? इतका साधा, सरळ आणि निर्बुद्ध विचार त्यांच्या डोक्यात पूर्वी कधी आला नव्हता, त्यामुळे तो त्यांना फार आवडला.

बाहेरून गवंड्यानं दोनदा खाकरून पाहिलं. मग दार वाजवलं.

"काका, बरे आहात ना?"

"मी बरा आहे. तुम्ही जा. भिंत फोडायची नाही."

गवंडी काकूंकडे बघू लागला. काकूंनी त्याला चहा दिला आणि दारापाशी स्टूल घेऊन बसल्या.

"अहो, बाहेर या."

"नाही येत. मी तुझी भिंत फोडू देणार नाही. बँक काही का म्हणेना."

"आधी बाहेर या, सर्दी होईल."

काकांना शिंक आली. मुद्दा पटण्यासारखा होता. त्यांनी कडी ओढली, पण कडी हलेना. पुन्हा ओढली. आतापर्यंत ते स्वखुशीनं आत होते. आता कडीच्या मर्जीनं होते. "अगं," ते थोड्या निराळ्या आवाजात म्हणाले, "कडी अडकली."

नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजली. बँकेच्या अधिकारी बाई स्वतः आल्या होत्या. काकांची चार पानं वाचून त्यांनीच ठरवलं होतं, की हे प्रकरण कागदावर मिटायचं नाही. गवंड्यानं दार उघडलं, तर आत हे दृश्य: एक काकू बंद दारासमोर स्टुलावर बसलेल्या आणि दाराशी बोलत आहेत. बाईंना वाटलं, मध्ये बोलू नये. त्या तशाच उभ्या राहिल्या.

"अहो, ऐका," काकू दाराला म्हणत होत्या. "ती भिंत मला कधीच आवडली नाही."

आत पाट सरकला.

"दिवसभर दुकानात त्या न खपलेल्या टाइलांची तोंडं बघायची आणि सकाळी दात घासताना पुन्हा त्याच. तेव्हा एकसारख्या घ्यायची ऐपत नव्हती म्हणून लावल्या. पुढे घेता आल्या असत्या. पण तोवर तुम्ही बदकाशी बोलायला लागला होतात."

"मी? बदकाशी?"

"रोज आंघोळीच्या वेळी. साहेब कसा लागट बोलला, पगारवाढ कशी हुकली, आईच्या दुखण्याची किती धास्ती वाटते. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, 'काही नाही गं.' आणि आत जाऊन सगळं बदकाला सांगायचात. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. ती भिंत गेली असती तर मला तुमचं काहीच कळलं नसतं."

आत नळ टपटपत होता. मग काकांचा आवाज आला. "मग आता फोडा का म्हणालीस?"

"आता मला खाली जायचंय," काकू म्हणाल्या. "वर्षभर गॅलरीतून माणसांची नुसती डोकी बघतेय. टकलं, टोप्या, छत्र्या. मला तोंडं बघायची आहेत हो."

हे वाक्य ऐकून गवंडी चहाचा कप घेऊन उगाचच गॅलरीत गेला. बँकेच्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

"हे आधी का नाही सांगितलंस?" काका आतून म्हणाले.

"तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला होतात की मला हवा आवडते. मला कुठे विचारलंत?"

गवंड्यानं मग दाराच्या फटीत छिन्नी घालून कडी उचकटली. दार उघडलं. टॉवेल बादलीत भिजत पडलेला असल्यामुळे काकांनी बादलीमागचा कागद अंगाभोवती गुंडाळून घेतला होता. त्या शुभ्र संगमरवरी वेशात, डोळ्यांवर चष्मा लावून, ते उंबऱ्यात उभे राहिले आणि समोर एक अनोळखी बाई पाहून जागच्या जागी थिजले.

"मी बँकेतून आले," बाई म्हणाल्या. "आच्छादनाची पाहणी करायला."

"हे तात्पुरतं आहे," काका गंभीरपणे म्हणाले आणि बेडरूममध्ये अंतर्धान पावले.

ते कपडे करून आले तोवर बाईंनी भिंतीची पाहणी उरकत आणली होती. त्यांनी गवंड्याला विचारलं, "यातली एखादी निघते का बघा." गवंड्यानं जहाजाच्या कडेला छिन्नी लावून पाहिली, जोर केला आणि मान हलवली. "भिंत येईल बाई, टाइल यायची नाही."

"म्हणजे कायम," बाईंनी लिहिलं. "आणि इतकी वर्षं तिथे आहे म्हटल्यावर ना-हरकत पत्र कुणाचं मागायचं? आता प्रकार. डॅडो, संमिश्र टाइल. उंची सरासरी धरू."

"सरासरी चालते?" काका ओरडलेच.

"केव्हाही चालते. व्हॅल्युअर नवीन आहे, त्याला ठाऊक नव्हतं. आणि तुमच्या चार पानांत बाकी सगळं होतं, उंचीच नव्हती."

काका स्टुलावर टेकले. थोड्या वेळानं त्यांनी दबकत विचारलं, "यानं घराच्या किमतीत कितीसा फरक पडतो?"

"बाथरूमच्या भिंतीनं?" बाई हसल्या. "काहीच नाही."

त्यांनी कागद सहीसाठी पुढे केला. काकांनी तो वाचला. 'संमीश्र' असं लिहिलं होतं, 'मी' दीर्घ. काकांचा हात आपोआप खिशातल्या तांबड्या पेनाकडे गेला. मग त्यांनी समोर पाहिलं. काकू दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, एक गुडघा हातानं दाबून धरत. काकांनी पेन खिशातच राहू दिलं आणि बाईंच्या पेनानं खाली सही केली. दीर्घ 'मी' तसाच बँकेत गेला. त्यांच्या आयुष्यातला हा एवढाच त्याग, पण तो लहान होता असं कुणी म्हणू नये.

नर्सबाईंचं कर्ज मंजूर झालं. भिंत त्यांना आहे तशीच हवी होती. रात्रपाळीहून आल्यावर काहीतरी गंमत दिसली की बरं वाटतं, असं त्या म्हणाल्या. काका आणि काकू तळमजल्यावर राहायला आले. तिथल्या बाथरूममध्ये पांढरी, एका उंचीची, निर्दोष टाइल होती. काका पहिले दोन दिवस तिथून फार लवकर बाहेर येत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खोकी उघडत बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की घरात दुसरा आवाज नाही. "अगं," त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. स्वयंपाकघरात नाही, मागच्या अंगणात नाही. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं.

काका चपला न घालता बाहेर पडले. वाण्याकडे विचारलं. "मघाशी इथून गेल्या की," वाणी म्हणाला, "छान गप्पा मारून गेल्या." औषधाच्या दुकानातही तशाच गप्पा मारून गेल्या होत्या. वर्षभर जी बाई तीन जिन्यांच्या वर बसली होती, ती आता वाटेल तिथे असू शकत होती. ही गोष्ट काकांच्या हिशेबातच नव्हती. कुठे पडली असली तर? ते जवळजवळ धावत कोपऱ्यावर पोचले.

बसथांब्याच्या बाकावर काकू बसल्या होत्या. एका बाजूला एक शाळामास्तरीण, दुसऱ्या बाजूला एक म्हातारबा, आणि तिघांचं कशावरून तरी हसणं चाललं होतं. बस आली. मास्तरीणबाई आणि म्हातारबा चढले. काकूंनी त्यांना हात केला आणि ड्रायव्हरला मानेनंच 'नाही' म्हणून सांगितलं. बस गेली.

"अगं, कुठे जायचंय तुला?" काकांना धाप लागली होती.

"कुठेच नाही," काकू म्हणाल्या. "बसा ना."

काका बसले. समोरून माणसं जात होती.

"चेहरा का असा झालाय?" काकूंनी विचारलं.

'काही नाही गं' असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. ते तसंच मिटलं. मग त्यांनी काकूंचा हात आपल्या हातात घेतला, आणि दार नुसतं लोटलेलं बघून आपल्याला काय काय वाटलं, ते सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मध्ये दोन बस येऊन गेल्या.